सिम्युलेटरमध्ये सेफ्टी सिस्टीम बंद करायचा शॉर्टकट हवाच कशाला?

रूळमित्र (धागाकर्ता)
ट्रेन सिम वर्ल्ड या रेल्वे चालवायच्या गेममध्ये बहुतेक गाड्यांची सेफ्टी सिस्टीम सुरुवातीला बंदच असते. हवी तर चालू करा, त्रास झाला तर की-बोर्डवरूनच बंद करा. आणि कॅब (ड्रायव्हरची केबिन) मात्र अशी तपशीलवार की वायपरच्या स्विचलाही वेगळे टप्पे! नवख्यांना मोकळीक जरूर द्या, पण एक मोड असा हवा की त्यात शॉर्टकट नाही. खऱ्या इंजिनात स्विच जिथे आहे तिथे उठून जायचं आणि फिरवायचा.

जर्मनीतली पीझेडबी घ्या, म्हणजे ड्रायव्हर सिग्नल पाळतोय ना हे बघणारी यंत्रणा. पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या पिवळ्या डिस्टंट सिग्नलपाशी रुळालगतचं १००० हर्ट्झचं चुंबक इंजिनाला खबर देतं. सिग्नल पाहिल्याचं बटण लगेच दाबायचं, आणि वेगवान प्रवासी गाडी असेल तर २३ सेकंदांत वेग ८५ किमीच्या आत आणायचा. चुकलात की ब्रेक लागलेच. ही धाकधूक काढली तर उरतात फक्त खिडकीबाहेरची झाडं.

निवांत_नॉच
मला झाडंच बघायची आहेत हो. 😀
पीझेडबीबद्दल एक वेळ मान्य, तिथे डोकं चालवावं लागतं. पण सिफा, म्हणजे ड्रायव्हर जागा आहे ना हे तपासणारं जर्मन यंत्र? दर ३० सेकंदांनी दिवा लागणार, पेडल सोडून पुन्हा दाबा. विसरलात तर अडीच सेकंदांनी भोंगा, आणखी अडीच सेकंदांनी ब्रेक. खऱ्या ड्रायव्हरला झोप लागू शकते, चक्कर येऊ शकते, म्हणून ते यंत्र आहे. मी रात्री जेवून खुर्चीत बसलोय. मला चक्कर आली तर कोणाचा जीव जाणार? माणूस नाही तिथे माणसावरचा पहारा कशाला?

कसारा_बँकर
निवांतराव, तुमची तक्रार सिफाची आहे, सगळ्याच यंत्रांची नाही. आपल्याकडच्या इंजिनांतला व्हीसीडी, म्हणजे तसंच ड्रायव्हरवर लक्ष ठेवणारं यंत्र, वेगळा वागतो. नॉच (इंजिनाच्या जोराचा टप्पा) बदला, ब्रेक हलवा, हॉर्न वाजवा, त्याची वेळ पुन्हा शून्यापासून मोजली जाते. घाटात हात सतत चालू असतो, त्यामुळे तो मध्ये येतच नाही. सपाटीवर लांबच लांब एकाच नॉचवर गेलात तर साधारण मिनिटाने दिवा लुकलुकतो. हौशी लोकांनी ओपन रेल्स या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी केलेल्या काही भारतीय इंजिनांत मात्र ठरावीक वेळाने बझर ओरडतो, हात चालू असो वा नसो. तो वास्तववाद नव्हे, अर्धवट काम आहे.

डेडमॅन
धागाकर्त्यांशी असहमत, पण कारण निराळं. की-बोर्डवर यातलं काही खरं होतच नाही. मुंबई लोकलचा मोटरमन मास्टर कंट्रोलरचं हँडल दाबून धरतो, दाब सुटला की आणीबाणीचे ब्रेक. सगळा भार मनगटावर. गेममध्ये त्याचं काय होतं? एक कळ.

आणि खरी यंत्रंही फसतात. ऑस्ट्रेलियात वॉटरफॉलजवळ ३१ जानेवारी २००३ला ड्रायव्हरला हृदयविकाराचा झटका आला. चौकशीचा निष्कर्ष असा की त्याच्या पायांच्या वजनानेच पेडल दाबलेलं राहिलं. ६० किमीच्या वळणावर गाडी ११७ने गेली आणि ७ जण मेले. हे कोणता गेम दाखवणार?

सिग्नल_लाल
शॉर्टकट नको हे बरोबर, पण बंद करायची सोयच नको म्हणणाऱ्यांना एक सांगतो : यंत्रणा बंद असणं हाही वास्तवाचाच भाग आहे. साउथॉल, १९ सप्टेंबर १९९७. स्वान्सीहून पॅडिंग्टनला निघालेल्या गाडीच्या पुढच्या कॅबमधली एडब्ल्यूएस (सिग्नलची भोंग्याने सूचना देणारी यंत्रणा) बिघडली म्हणून आयसोलेट, म्हणजे बंद, केलेली होती. एटीपी (गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा) गाडीत होती, वापरात नव्हती. ना भोंगा, ना आपोआप ब्रेक. ड्रायव्हरकडून आधीचे पिवळे सिग्नल निसटले, लाल दिसेपर्यंत उशीर झाला, गाडी मालगाडीवर आदळली. ७ मृत्यू.

असा प्रसंग खेळायला द्या ना! निघतानाच एडब्ल्यूएस नादुरुस्त. आता प्रत्येक सिग्नल स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, किंवा कंट्रोलला कळवून गाडी बदलून मागा आणि उशीर पत्करा.

रूळमित्र
@सिग्नल_लाल, मान्य, आणि म्हणूनच स्विच कॅबमध्ये हवा! तिथे जाऊन फिरवला की निर्णय होतो, दोन कळा दाबल्या की नुसती सेटिंग बदलते. @डेडमॅन, यूएसबीचं पायपेडल मिळतं, त्यावर हीच कळ बसवा. मनगटाचं नाही जमलं तरी पायाचं जमेल.

निवांत_नॉच
पेडलचे पैसे तुम्ही द्या, मी सिफा चालू करतो. आणि तो कडक मोड आलाच तर त्यात पॉजचं बटण ठेवणार की नाही तेही सांगा. गॅसवर कुकर असला की मला उठावं लागतं.