1832 चं बॅले पुण्याच्या रंगमंचावर: शूज, झगा आणि उजेड

नूपुर_कोथरूड

नमस्कार मंडळी. युरोपातल्या रंगमंचीय नृत्यावर तीन महिन्यांनी एक सप्रयोग व्याख्यान ठरलं आहे. बोलणं 40 मिनिटांचं, त्यात 12 मिनिटांचं प्रात्यक्षिक. विषय ‘ला सिल्फीद’ हे परीच्या कथेवरचं बॅले, म्हणजे 1832 मध्ये पॅरिसला नर्तकी मारी ताल्योनी पहिल्यांदा पॉइंटवर (पायाच्या बोटांच्या टोकांवर) उभी राहिली तो प्रयोग. नाचणाऱ्या चौघी 19 ते 22 वयाच्या, आठ-दहा वर्षं भरतनाट्यम शिकलेल्या. सभागृह छोटं, मंच लाकडी फळ्यांचा आणि सपाट. पॉइंट शूज मागवले तर तीन महिन्यांत जमेल का? पांढरा झगा इथेच शिवून घ्यायचा तर कापड किती लागेल? आणि त्या काळच्या गॅसच्या दिव्यांचा उजेड आजच्या दिव्यांतून कसा आणायचा? संगीतासाठी एक ध्वनिमुद्रण मिळालंय, सगळं शोपँचं आहे, तेच वापरू ना?

चवडा

आधी शूजचं. कृपा करून मागवू नका. तीन महिन्यांत जमणार नाही, आणि मुख्य म्हणजे तुमच्या विषयाला ते लागतही नाहीत.

आज पॉइंट शू म्हणून जो मिळतो त्याच्या पुढे कापड-कागदाचे थर खळीत चिकटवून वाळवलेला कडक बॉक्स असतो आणि तळव्याखाली ताठ पट्टी, म्हणजे शँक. हा कडक जोडा 19व्या शतकाच्या शेवटी इटालियन नर्तकींबरोबर पुढे आला. पिएरिना लेन्यानीने 1895 च्या ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर 32 फुएत्ते (दुसरा पाय झटकत घेतलेल्या सलग गिरक्या) घेतले, ते तंत्र त्या जातीच्या शूजचं. ताल्योनीचा जोडा साटिनचा, मऊ, पातळ चामडी तळाचा. बॉक्स नाही, शँक नाही. पुढच्या टोकाला आणि कडांना सुईने दाट रफू केलेला असे, आधार म्हणाल तर तेवढाच. अशा जोड्यावर टोकावर क्षणभर थांबता येतं, फेऱ्या घेता येत नाहीत. ती थांबायची ती पोटरीच्या आणि घोट्याच्या ताकदीवर. वडील फिलिप्पो व्हिएन्नात तिच्याकडून रोज दोन-दोन तासांच्या तीन बैठका करून घेत, एकेक पोझ 100 आकडे मोजेपर्यंत धरून.

भरतनाट्यममुळे तुमच्या मुलींचे पाय दणकट असणार, पण ती ताकद वेगळी. अरमंडीत गुडघे वाकलेले, वजन खाली आणि पाऊल अख्खं जमिनीवर. पॉइंटवर गुडघा ताठ, नितंबापासून पाय बाहेर फिरवलेला आणि सगळं वजन दोन बोटांच्या टोकांवर. घोटा एवढा ताणला जात नसेल तर शरीर मागे राहतं, मग बोटं आत मुडपतात. घाईने चढवलेल्या शूजने अंगठ्याचं नख काळं पडणं ही किरकोळ गोष्ट. टाचेमागची शीर सुजते, दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला बारीक चीर जाते आणि ती भरायला आठवडे जातात. एका पायावर, गुडघा न वाकवता, सलग 20 वेळा टाच पूर्ण उचलता येणं ही तर नुसती उंबरठ्याची परीक्षा.

चौघींना मऊ बॅले शूज घ्या आणि उंच चवड्यावर नाचवा. 1832 ला ते आजच्या पॉइंटपेक्षा जवळचं आहे. तीन महिन्यांतला बहुतेक वेळ उतरण्यावर घालवा. उडी संपताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच, शेवटी गुडघा मऊ. भरतनाट्यमच्या सवयीने टाच आपटणारच, आणि लाकडी मंचावर तो ‘धप्’ आला की परी संपली. सराव पहिले दोन आठवडे घुंगरू बांधून करा. उतरताना जिचे घुंगरू कमी वाजतील तिचं उतरणं बरोबर. धड किंचित पुढे झुकलेलं, कोपर गोल, मनगटं सैल. ताल्योनीची पाठ जराशी पोक काढलेली आणि हात लांब होते. वडिलांनी पोझेस त्या बेताने बसवल्या, आणि पुढे तीच रोमँटिक बॅलेची ठेवण म्हणून जगभर शिकवली गेली.

पडद्यामागे

संगीताबद्दल थांबा! शोपँचं संगीत असेल तर ते ‘ले सिल्फीद’. एका अक्षराचा फरक आणि मध्ये 77 वर्षं. ‘ले सिल्फीद’ नृत्यरचनाकार मिखाईल फोकिनचं, पॅरिसला 1909 मध्ये दियागिलेव्हच्या रशियन बॅले मंडळीने केलेलं, त्यात कथाच नाही. तुमचं ‘ला सिल्फीद’ 12 मार्च 1832 चं, संगीत श्नाइत्झ्होफरचं. त्यातही एक खाच आहे. ‘ला सिल्फीद’ नावाने जी ध्वनिमुद्रणं मिळतात त्यातली बहुतेक कोपनहेगनचा नृत्यरचनाकार ऑगस्ट बूर्नोनव्हिल याच्या 1836 च्या प्रयोगाची, संगीत ल्योव्हेन्स्कोल्डचं. पॅरिसच्या संगीतावरचा प्रयोग पिएर लाकोतने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा उभा केला. कुठलंही वापरा, पण संगीतकाराचं नाव वाचून घ्या आणि व्याख्यानात तेच सांगा.

दुसरी दुरुस्ती. ‘पहिल्यांदा पॉइंटवर’ हे वाक्य काढून टाका. ताल्योनीच्या आधी इतर नर्तकी टोकावर उभ्या राहात होत्या. व्हिएन्नात 1823 मध्ये अमालिया ब्रुन्योली हे करत होती. त्याही आधी, 1796 मध्ये, लंडनला दिदलोच्या ‘फ्लोर ए झेफीर’मध्ये नर्तकांना तारांनी वर उचलत. पण तोवर टोकावर उभं राहणं ही करामत होती, हात हवेत झाडून कशीबशी साधलेली. ताल्योनीने ती पात्राच्या स्वभावात बसवली: जी जमिनीला जेमतेम टेकते ती परी. व्याख्यानाचा गाभा मी इथे धरला असता.

चित्रदीप

झगा आणि उजेड यांचा विचार एकत्रच करायला हवा, म्हणून दोन्ही इथेच लिहितो.

मूळ पोशाख युजेन लामीचा मानला जातो. घट्ट चोळी, खांदे उघडे, घंटेच्या आकाराचा पांढरा झगा पोटरीच्या मध्यापर्यंत, पाठीला छोटे पंख. कापड मलमल आणि खळ दिलेली विरळ जाळीदार मलमल. आज नेट घ्या. रविवार पेठेत 60 इंची पन्ह्याचं मऊ आणि कडक दोन्ही मिळतं. पन्हा मधोमध कापला की 76 सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या होतात, मध्यम उंचीच्या मुलीला कमरेपासून पोटरीपर्यंत तेवढी लांबी पुरते. एका थराला 5 मीटर घेर धरा. चार थर म्हणजे 20 मीटर पट्टी, म्हणजे प्रत्येकीला 10 मीटर नेट. सगळ्यात आतला थर कडक, बाहेरचे तीन मऊ. चारही थर कमरेच्या एकाच रेषेवर चुणले तर कंबर ढोलासारखी दिसते, ही नेहमीची चूक. कमरेपासून नितंबापर्यंत सुती कापडाचा घट्ट पट्टा शिवा आणि थर त्यावर दोन-दोन बोटांच्या अंतराने खाली-खाली लावा. खालचे थर मग लांब पडतील, ते घालून उभं करूनच कापा. काठाला शिवण नको. दुमडलेला काठ जड होतो आणि गिरकीत झगा पंख्यासारखा उघडत नाही. पांढराशुभ्र रंगही टाळा, किंचित दुधाळ घ्या, नाहीतर एलईडीखाली तो निळा मारतो.

आता उजेड. पॅरिस ऑपेराच्या ल पेलेतिये रंगमंदिरात गॅस 1822 मध्ये ‘अलादीन’च्या प्रयोगापासून आला. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे एकेक करून विझवावे लागत. गॅसची तोटी फिरवली की अख्खी ओळ मंद होई. नोव्हेंबर 1831 मध्ये ‘रोबेर ल दियाब्ल’ या ऑपेरात मृत जोगिणी चांदण्यात थडग्यांतून उठून नाचतात, त्यात ताल्योनी होती. चार महिन्यांनी ‘ला सिल्फीद’ आलं. 1841 च्या ‘जिझेल’ या बॅलेचा दुसरा अंक त्याच चांदण्यातला.

मंचाच्या पुढच्या काठाला 2700 केल्विनची, म्हणजे पिवळसर उजेडाची, एलईडी पट्टी लावा, प्रेक्षकांच्या बाजूने 15 सेंटिमीटर उंच प्लायची आड. समोरचे पार कॅन, म्हणजे डब्यासारखे मोठे दिवे, जवळजवळ बंद. विंगेतून दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर एकेक स्पॉट, त्याला फिकट निळा जिलेटीन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद). हा आडवा उजेड नेटच्या थरांमध्ये शिरतो आणि झगा आतून उजळल्यासारखा दिसतो. समोरून उजेड पाडलात तर तोच झगा मच्छरदाणी दिसेल. स्वस्त एलईडी मंद करताना शेवटी झटक्याने विझतात, म्हणून चांदणं मावळताना हॅलोजन असेल तर तोच घ्या.

आणि खऱ्या ज्योती, समया, मेणबत्त्या मंचावर अजिबात नकोत. 15 नोव्हेंबर 1862 ला तालमीच्या वेळी ताल्योनीच्याच शिष्येचा, एमा लिव्ह्रीचा झगा गॅसच्या दिव्याला लागून पेटला. ती आठ महिन्यांनी गेली, वय 20. आग रोधणाऱ्या द्रावणात बुडवलेले झगे तेव्हा उपलब्ध होते, पण त्याने कापड कडक आणि पिवळट होई, म्हणून तिने ते नाकारले होते. तिच्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात अजून जपलेले आहेत. नायलॉनचं नेट तर वितळून कातडीला चिकटतं. हॅलोजनचे स्पॉटसुद्धा झग्यापासून निदान मीटरभर लांब ठेवा, तापलेल्या काचेला नेट टेकलं तरी भोक पडतं.

नूपुर_कोथरूड

मनापासून आभार. शूज रद्द, संगीत बदलते, ‘पहिल्यांदा’ खोडलं. एकच राहिलं, मंच. तिकडचे मंच उतरते असत असं वाचलं. आम्ही फळ्या टाकून उतार करावा का? आणि घसरू नये म्हणून राळ?

चवडा

उतार नको. पॅरिसच्या पाले गार्निए या ऑपेरागृहाचा मंच आजही सुमारे 5 टक्के उतरता आहे, मीटरला 5 सेंटिमीटर. तिथे शिकलेल्यांना वजन जरा मागे धरायची सवय असते. सपाटावर तयार झालेल्या मुली अशा उतारावर पुढे कलंडतात, पोटऱ्या भरून येतात. लाकडी मंच मिळालाय हे नशीब समजा. सिमेंटवर लादी असती तर उड्याच काढून टाका म्हटलं असतं.

राळ फक्त उघड्या लाकडावर, तीही ट्रेमध्ये. बूट त्यात टेकवून झटकायचे, मंचावर भुरभुरायची नाही. व्हिनाइलची मॅट अंथरणार असाल तर राळेचे चिकट डाग पडतात. तुमच्यामागून अनवाणी नाचणारा कलाकार त्यावर अडखळेल. मॅटवर ओल्या फडक्यावर तळवा टेकवणं पुरतं. फळ्यांच्या फटी आणि वर आलेले खिळे आदल्या दिवशी हात फिरवून तपासा, मऊ जोड्यातून सगळं टोचतं.

सवाई_रसिक

तांत्रिक सगळं आलंय. पुण्याच्या प्रेक्षकाला हात घालायचा असेल तर एक धागा सुचवतो. पॅरिस ऑपेरात 14 जुलै 1858 ला ‘साकुंतला’ नावाचं बॅले झालं. कथा कालिदासाची, संहिता तेओफिल गोतिएची, संगीत एर्नेस्ट रेयेरचं, नृत्यरचना ल्युसिएं पतिपाची, शकुंतला अमालिया फेर्रारिस. गोतिए म्हणजे ‘जिझेल’च्या संहितेतला भागीदार आणि ल्युसिएं म्हणजे त्याच ‘जिझेल’चा पहिला नायक. ल पेलेतिये रंगमंदिरही तेच. त्यानंतर 22 वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1880 ला, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक केले. एकच शकुंतला, तिकडे एक शब्द न बोलता, इकडे पदांमधून.

तुमच्या मुलींसाठी याहून जवळचं म्हणजे 1838. त्या वर्षी तमिळ मुलखातल्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासी पॅरिसला गेल्या आणि तिथल्या नाट्यगृहात नाचल्या. त्यांच्यातल्या अम्मनीवर गोतिएने भरभरून लिहिलं, शिल्पकार बारने तिची छोटी मूर्ती केली. आठ वर्षं आधीच, 1830 मध्ये, ताल्योनी ‘ल दिय ए ला बायादेर’मध्ये पांढऱ्या झग्यातली देवदासी होऊन नाचली होती. पॅरिसकरांनी आधी कल्पनेतली देवदासी पाहिली आणि मग खरी, पाय आपटणारी, घुंगरू बांधलेली. 12 मिनिटांतली शेवटची तीन मिनिटं चौघींपैकी एकीला झगा न घालता, घुंगरांसह, अरमंडीत एक अलारिप्पू (भरतनाट्यमच्या सुरुवातीचं छोटं नृत्य) करू द्या. चित्रदीप म्हणतात तो आडवा निळा उजेड तेव्हा पूर्ण बंद आणि समोरचे पार कॅन पूर्ण चालू. झग्यातल्या तिघी विंगेत न जाता मंचावरच मागे बसू देत.

चित्रदीप

हे करा. फक्त घुंगरूवाली आधीपासून काळ्या पडद्याआड उभी राहू दे. मऊ जोडे काढून घुंगरू बांधायला निदान चार-पाच मिनिटं जातात, तेवढा वेळ अंधारात भरून काढता येणार नाही.