मदत हवी आहे: व्हीटचा बिल्ड सर्व्हरवर टाकला की पान कोरं

रानजाई: संध्याकाळी क्लायंटला डेमो आहे, जरा लवकर सांगा. रिअ‍ॅक्टचं (वेब अ‍ॅप बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) प्रोजेक्ट क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप या जुन्या बिल्ड टूलवरून व्हीट या दुसऱ्या बिल्ड टूलवर आणलं. माझ्या मशीनवर व्यवस्थित चालतं, बिल्डही (कोडपासून सर्व्हरवर टाकायच्या फायली बनवणं) एरर न देता होतो. त्यातून बनलेलं डिस्ट फोल्डर सर्व्हरवर टाकलं की पांढरं पान. कॅश साफ करून झाली.

घाटवाट: ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (जिथे एरर दिसतात) काय येतंय? आणि सर्व्हरवर नेमकं कुठे टाकलंय?

दशमान: नोडचं (ज्यावर व्हीट चालतं ते) व्हर्जन कुठलं आहे? व्हीट ७ ला २०.१९ किंवा २२.१२ च्या पुढचं लागतं.

घाटवाट: बिल्ड होतोय म्हणतायत ना, मग नोडचा प्रश्न कुठे आला?

वडाचापार: म्हणून मी वेबपॅक (व्हीटसारखंच, पण जुनं बिल्ड टूल) सोडत नाही. कॉन्फिग लांबलचक, पण काय कुठून येतं ते दिसतं तरी.

साबुदाणा: क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप आतून वेबपॅकच होतं. रिअ‍ॅक्टच्या टीमनेच ते फेब्रुवारी २०२५ मध्ये बाद केलं, मग लोक जाणार कुठे?

वडाचापार: बाद ते झालं, वेबपॅक नाही.

रानजाई: हा वाद नंतर घाला, प्लीज. कन्सोल म्हणतो, जावास्क्रिप्ट मॉड्यूल हवं होतं, सर्व्हरने टेक्स्ट/एचटीएमएल दिलं. डोमेनखाली /स्टॉक/ मध्ये टाकलंय. जुनं अ‍ॅप तिथेच नीट चालायचं.

घाटवाट: हे आधी सांगायचं ना! तुमच्या पॅकेज.जेसनमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीची फाइल) 'होमपेज', म्हणजे अ‍ॅपचा पत्ता, असणार. व्हीट ते वाचतच नाही. त्याचा बेस (फायलींच्या पत्त्याची सुरुवात) मुळात '/' असतो, म्हणून ब्राउझर फायली /स्टॉक/अ‍ॅसेट्स सोडून थेट /अ‍ॅसेट्स मध्ये मागतो. तिथे काही सापडत नाही, आणि सर्व्हर इंडेक्सचं पान हातात देतो. व्हीट.कॉन्फिगमध्ये बेस '/स्टॉक/' करा, शेवटच्या स्लॅशसकट, आणि परत बिल्ड मारा.

साबुदाणा: त्यापेक्षा './' टाका, कुठल्याही फोल्डरात चालेल.

घाटवाट: राउटर (पत्त्यानुसार अ‍ॅपमधलं पान दाखवणारा कोड) असेल तर नको. /स्टॉक/माल/५ वर रिफ्रेश केलं की ब्राउझर /स्टॉक/माल/अ‍ॅसेट्स शोधत बसेल. पुन्हा पांढरं पान.

रानजाई: '/स्टॉक/' केलं, मेनू आला! पण मधला भाग रिकामा, आणि एपीआयचा (जिथून डेटा येतो त्याचा) पत्ता अनडिफाइन्ड, म्हणजे रिकामाच.

घाटवाट: मधला भाग राउटर भरतो, त्याला बेसनेम (अ‍ॅपच्या पत्त्याची सुरुवात) '/स्टॉक' द्या.

दशमान: एपीआयचा पत्ता डॉट एन्व्ह या सेटिंग्जच्या फाइलमध्ये असेल तर नावापुढचं 'रिअ‍ॅक्ट_अ‍ॅप_' काढून 'व्हीट_' लावा. कोडमध्ये प्रोसेस.एन्व्हच्या जागी इम्पोर्ट.मेटा.एन्व्ह. ही मूल्यं बिल्डच्या वेळीच आत भरली जातात, नंतर सर्व्हरवरची फाइल बदलून उपयोग नाही.

रानजाई: बेसनेमने मधला भाग दिसला. एपीआयचं बदलून बिल्ड लावलाय.

नवखा: मला डेव्ह सर्व्हर ५१७३ ऐवजी ३००० पोर्टवर हवाय, कसा करू?

वडाचापार: वेबपॅकमध्ये सांगू का?