मदत हवी आहे: साठवलेल्या तांबड्या पेशी किती फुटल्या हे नेमकं कुठे मोजायचं?

नमस्कार मंडळी,

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे आणि नोकरी सांभाळून पदव्युत्तर प्रकल्प करतेय. विषय आहे तांबड्या पेशींची साठवणूक. दोन महिने एकाच जागी अडकलेय, म्हणून इथे विचारते.

आपण पेशी २ ते ६ अंशांवर एसएजीएममध्ये ठेवतो, म्हणजे मीठ, अ‍ॅडेनिन, ग्लुकोज आणि मॅनिटॉल. मुदत ४२ दिवस. पण फ्रिजमध्ये ठेवली म्हणून पेशी झोपत नाही. ती ग्लुकोज खात राहते, लॅक्टिक आम्ल साचतं, पीएच उतरतो. पीएच उतरला की २,३-डीपीजी (हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला मदत करणारा रेणू) मोडायला लागतं आणि साधारण दोन आठवड्यांत जवळपास संपतं. थंडीत सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, त्यामुळे पोटॅशियम बाहेर झिरपतं. पडद्याचे बारीक बुडबुडे सुटत जातात आणि तबकडीसारखी गुळगुळीत पेशी काटेरी होते. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या आठवड्याची आणि सहाव्या आठवड्याची स्लाइड शेजारी शेजारी ठेवली की ही एकाच दात्याची आहेत यावर विश्वास बसत नाही.

माझा प्रयोग असा: एका गटात नेहमीचं एसएजीएम, दुसऱ्यात क्लोराइड नसलेलं, थोडं अल्कधर्मी द्रावण. बाहेर क्लोराइड नसलं की पेशीतलं क्लोराइड बाहेर पडतं आणि त्या बदल्यात हायड्रॉक्सिल आत शिरतं. आतला पीएच चढतो, ग्लुकोज वापरायचं काम सुरळीत चालतं, डीपीजी जास्त दिवस टिकतं. कल्पना माझी नाही, पण आमच्याकडच्या साधनांत ती जमते का ते बघायचंय.

अडचण इथे आहे. ४२व्या दिवशी सेगमेंटमधला, म्हणजे पिशवीला जोडलेल्या सीलबंद नळीच्या तुकड्यातला नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला तर वरचं पाणी स्पष्ट गुलाबी, हिमोलिसिस (फुटलेल्या पेशींचं प्रमाण) एक टक्क्याच्या वर. त्याच पिशवीतून नमुना काढला तर पाणी फिक्कट पिवळसर आणि आकडा निम्म्याहून कमी. युरोपातली मर्यादा ०.८ टक्के, अमेरिकेतली १. म्हणजे एकच पिशवी एका हिशेबाने नापास आणि दुसऱ्या हिशेबाने पास! कुठला आकडा धरू? शिवाय दोन दात्यांत इतका फरक येतो की द्रावणाचा परिणाम त्यात बुडून जातो.

आणखी एक. आमचे मार्गदर्शक म्हणतात, २०१५च्या एबल आणि रीसेस, २०१६ची इन्फॉर्म, या मोठ्या चाचण्यांत ताज्या आणि जुन्या रक्तात फरक दिसला नाही, मग हे सगळं कशासाठी? मला हे पटत नाही. त्या चाचण्या अतिदक्षता विभागातल्या, हृदय शस्त्रक्रियेच्या किंवा रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांवरच्या. थॅलेसेमियाचं मूल दर दोन ते पाच आठवड्यांनी जन्मभर रक्त घेतं. एका पिशवीत २०० ते २५० मिलीग्रॅम लोह असतं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. पहिल्या २४ तासांत ज्या पेशी मरतात, त्यांचं लोह तेवढं मागे राहतं, उपयोग मात्र शून्य. या मुलांना रोज बघते, म्हणून हा विषय सोडवत नाही.

प्रतिसाद १

ताई, सेगमेंटचा आकडा निकालासाठी धरू नका. नळीत थोड्याशा रक्ताला प्लास्टिकचा मोठा पृष्ठभाग लागतो, आणि द्रावण घातल्यावर नळी नीट स्ट्रिप केली नसेल (म्हणजे दाबून आतलं रक्त पिशवीत ढकलून पुन्हा भरून घेतलं नसेल) तर तिथलं मिश्रण पिशवीसारखं नसतंच. पिशवी आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करा, मग नमुना घ्या. एकदा फिरवून वरचा द्रव काढा आणि तो पुन्हा फिरवा, नाहीतर राहिलेल्या चार पेशीही आकडा वाढवतात. आणि गणितात हिमॅटोक्रिट (एकूण आकारमानात पेशींचा टक्का) धरलात ना? शंभरातून हिमॅटोक्रिट वजा, गुणिले वरच्या द्रवातलं हिमोग्लोबिन, भागिले एकूण हिमोग्लोबिन. हिमॅटोक्रिट ६० असताना ती वजाबाकी विसरलात तर उत्तर अडीच पट येतं.

प्रतिसाद २

दात्यांच्या फरकावर उपाय आहे. एकाच रक्तगटाच्या दोन पिशव्या एकत्र करा, नीट मिसळा, मग दोन सारखे भाग करून एकात एसएजीएम आणि दुसऱ्यात तुमचं द्रावण घाला. दाता दोन्हीकडे तोच, त्यामुळे उरतो तो फरक द्रावणाचा. अशा पिशव्या अर्थातच फक्त प्रयोगासाठी, रुग्णाला नाहीत. दात्यांची नोंद मात्र ठेवा: पुरुषांच्या पेशी साठवणुकीत जास्त फुटतात, आणि जी६पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असलेल्यांच्या पेशी रुग्णाच्या शरीरात कमी टिकतात.

पिशव्याही एकाच लॉटच्या घ्या. डीईएचपी (प्लास्टिक मऊ करायला घातलेलं रसायन) प्लास्टिकमधून झिरपून पेशीच्या पडद्यात बसतं आणि पेशीला फुटण्यापासून वाचवतं. एका गटात डीईएचपी आणि दुसऱ्यात नाही असं झालं, तर तुम्ही द्रावण नव्हे, प्लास्टिक मोजाल.

प्रतिसाद ३

डीपीजीवर सगळा प्रकल्प टांगू नका. रक्त चढवल्यावर एक ते तीन दिवसांत ते पेशीत पुन्हा बनतं. तुम्हाला काळजी आहे ती २४ तासांत मरणाऱ्या पेशींची, आणि ते खरं कळतं पेशींना क्रोमियम-५१ (किरणोत्सारी) किंवा बायोटिनची खूण लावून त्या चढवल्यावरच. ते शक्य नसेल तर एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन), पेशींचा आकार आणि पडद्याबाहेर आलेलं फॉस्फॅटिडिलसेरिन (एरवी पडद्याच्या आतल्या बाजूला असणारा मेदपदार्थ) तिन्ही मोजा. हिमोलिसिस कमी म्हणजे पेशी टिकणारच, असं प्रबंधात लिहू नका. मुदतीच्या निकषात दोन्ही वेगळे धरतात: हिमोलिसिस मर्यादेत हवं आणि २४ तासांनी सरासरी ७५ टक्के पेशी शिल्लक हव्यात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वही काढून बघितलं. वजाबाकी केली होती, पण सेगमेंटच्या गणितात पिशवीचाच हिमॅटोक्रिट घातला होता, सेगमेंटचा वेगळा मोजलाच नव्हता! म्हणजे तो आकडा तसाही चुकीचाच. पुढची फेरी एकत्र करून विभागलेल्या पिशव्यांवर, आणि फॉस्फॅटिडिलसेरिनसाठी फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी तपासणारं यंत्र) कुठे वापरायला मिळेल ते विचारते.

आता एकच शंका. दर नमुन्याच्या वेळी पिशवी हलवली की पेशी मिसळतात, पण रक्तपेढीत ती सहा आठवडे न हलवता पडून असते. हलवण्यानेच हिमोलिसिस बदलत असेल तर काय? प्रत्येक दिवसासाठी वेगळी छोटी पिशवी ठेवायची आणि ती एकदाच उघडायची, असं कोणी केलंय का? साधारण किती मिलीलीटरच्या पिशव्या घेतल्यात?