खाली गेल्यावरचं स्कूबा आणि पडद्यावरचं स्कूबा

स्कूबा केलेल्या सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण! पडद्यावर पाहिलेलं पाण्याखाली गेल्यावर कितपत खरं निघालं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

नायक तळाशी झटापट करतो, सिलिंडर टाकून देतो आणि दम धरून सुसाट वर येतो. असं दृश्य लागलं की माझा जीव खालीवर होतो. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला धडाच हा, की श्वास रोखायचा नाही. वर यायचं सावकाश आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. हा थांबा मला फार आवडतो. दोराला धरून खाली बघितलं की मागून येणाऱ्यांचे बुडबुडे वर येता येता मोठे होताना दिसतात; दाबाचा सगळा नियम डोळ्यांसमोर!

* * *

बुडालेल्या जहाजाजवळ पत्र्याने माझं बोट कापलं. रक्त चक्क हिरवट दिसत होतं. टॉर्च मारला, तेव्हा लाल झालं. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो, त्यामुळे सिनेमातलं खोलवरचं लालभडक रक्त म्हणजे दिव्यांची करामत.

* * *

अंगठा वर केला म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'! सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

* * *

'जिंदगी ना मिलेगी दोबारा' (2011) मधली अर्जुनची भीती मला अगदी खरी वाटते. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर मीही घाबरले होते. इन्स्ट्रक्टरने समोर येऊन माझे दंड धरले, डोळ्यांत बघितलं आणि हाताने खूण केली: श्वास घे, सोड. मास्क वरून दाबून धरायचा आणि नाकाने जोरात हवा सोडायची, की पाणी खालून निघून जातं. तलावात हे घोटून घेतलं होतं, म्हणूनच समुद्रात हात आपोआप चालले. हा सराव पडद्यावर आणखी दिसायला हवा.

* * *

थोडी सिनेमावाल्यांची बाजू घेतो. थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेतून 2018 साली 12 मुलं आणि त्यांच्या प्रशिक्षकाला बाहेर काढलं, तेव्हा गढूळ पाण्यात जवळपास काहीच दिसत नव्हतं. पाणबुडे दोर चाचपत पुढे सरकत होते. ते जसंच्या तसं चित्रित केलं तर प्रेक्षकाला काय दिसणार? पाणी थोडं नितळ दाखवण्याची सूट मी आनंदाने देईन. बेशुद्ध केलेल्या मुलाला घेऊन जाणाऱ्याची घालमेल मात्र खरी हवी.

* * *

वरच्या मताशी सहमत. पण संवादांत 'ऑक्सिजन संपला' म्हणतात, ते सुधारायलाच हवं. आपल्या पाठीवर बहुधा साधी, दाबून भरलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन साधारण 6 मीटरच्या खाली घातक ठरू शकतो, झटके येतात.

* * *

30 मीटरच्या आसपास मला नायट्रोजनची गुंगी (खोलवर दाबामुळे हवेतला नायट्रोजन नशेसारखा चढतो, ती) आली होती. गेजवरचा आकडा दिसत होता, पण हवा किती उरली याचा अर्थच लागेना. बडीने, म्हणजे सोबत डुबकी मारणाऱ्या जोडीदाराने, वर चलण्याची खूण केली. थोडं वर येताच डोकं लख्ख. ही अवस्था पडद्यावर नीट दाखवलेली कुणी पाहिली आहे का? असेल तर नाव सांगा, मला बघायचंय.