लेसर ऑप्टिक्समधलं संशोधन: रोजचं काम काय असतं, आणि पुढे वाव कुठे?

शिकाऊ_किरण
भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. संपत आली आहे, पुढे लेसर ऑप्टिक्समध्ये पीएच.डी. करायचं पक्कं आहे. रेझोनेटर, गॉसियन बीम वगैरे कागदावर येतं. पण या क्षेत्रातल्या संशोधकाचा दिवस खरोखर कशात जातो, कोणतं कसब आधीपासून हातात हवं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत काम कुठे असेल?

एक तांत्रिक अडचणही आहे. ७८० नॅनोमीटरच्या डायोड लेसरचा २ मिमी व्यासाचा बीम सिंगल मोड फायबरमध्ये (प्रकाशाचा एकच आकार पुढे नेणारा बारीक काचतंतू) घालायचा आहे. फायबरचा मोड व्यास (आत प्रकाश ज्या ठिपक्यात मावतो त्याचा व्यास) ५ मायक्रॉन, भिंगाचं नाभीय अंतर ४.५ मिमी. कितीही स्क्रू फिरवले तरी ४२ टक्क्यांच्या वर प्रकाश जात नाही.

टेबलावरचा_माणूस
आधी फायबरचं बघू, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. स्क्रूला हात लावण्याआधी कमाल किती मिळू शकतं ते काढा. समांतर बीम भिंगातून गेला की ठिपक्याचा व्यास = ४ × तरंगलांबी × नाभीय अंतर ÷ (पाय × बीमचा व्यास). तुमचे आकडे घातले तर ठिपका येतो २.२ मायक्रॉन. मोड ५ मायक्रॉनचा, त्यामुळे दोघांचा मेळ जास्तीत जास्त ५५ टक्के. त्यात कोटिंग नसलेल्या फायबरच्या दोन्ही टोकांवर सुमारे ४-४ टक्के परावर्तन, म्हणजे ५१. डायोडचा बीम बहुधा लंबगोल असतो, त्यात आणखी काही गेलं. तेव्हा ४२ हे वाईट अलाइनमेंट नाही, भिंग चुकलं आहे. तुमच्या बीमला १० मिमीचं भिंग जवळपास तंतोतंत बसतं.

भिंग बदलल्यावर दोन आरशांनी बीम 'चालवा'. आधी फायबरच्या दुसऱ्या टोकातून लाल फॉल्ट-फाइंडर पेनचा प्रकाश उलटा सोडा आणि दोन्ही बीम लांबलांबच्या दोन जागी एकमेकांवर आणा. एवढ्याने थोडा तरी प्रकाश पार जाऊ लागतो. मग फायबरपासून लांबच्या आरशाचा आडवा स्क्रू किंचित फिरवून पॉवर दोन-तृतीयांशापर्यंत पाडा आणि जवळच्या आरशाच्या आडव्या स्क्रूने परत चढवा. नवं शिखर आधीपेक्षा उंच असेल तर त्याच दिशेने पुढे, नाहीतर उलट. नंतर उभे स्क्रू, मग भिंगाचं अंतर, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकेक स्क्रू सुटा 'कमाल'वर ठेवत गेलात तर खोट्या शिखरावर अडकाल, कारण बीमची जागा आणि कोन दोन्ही एकत्र बदलावे लागतात.

आणि आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) लावलाच पाहिजे. फायबरच्या सपाट टोकावरून परतलेला प्रकाश डायोडमध्ये शिरला की मोड उड्या मारतो (तरंगलांबी अचानक बदलते) आणि पॉवर थरथरते. ८ अंशांत घासलेलं टोक असेल तर उत्तम.

नॅनोसेकंद
रोजच्या कामाबद्दल. दिवसातला बराच वेळ अलाइनमेंटमध्ये आणि सिग्नलमधला नॉइज कुठून येतो हे शोधण्यात जातो. बीम अडवून फोटोडायोडचा नॉइज मोजा, मग लेसर चालू पण प्रयोग बंद ठेवून मोजा, मग सगळं चालू करून. या तीन आकड्यांवरून दोष इलेक्ट्रॉनिक्सचा, लेसरचा की आरशांच्या कंपनाचा, हे बहुतेक वेळा उमगतं. हे न करता नवा अॅम्प्लिफायर मागवणारे खूप दिसतात आणि दोष जागच्या जागी राहतो.

सफाई: आधी ब्लोअरने धूळ उडवा. मग लेन्स टिश्यूवर स्पेक्ट्रोस्कोपी दर्जाच्या मिथेनॉलचा थेंब टाकून तो आरशावरून एकाच दिशेने, एकदाच ओढा. तोच कागद दुसऱ्यांदा नको, धुळीचा कण कोटिंगवर ओरखडा पाडतो. ग्रेटिंग (बारीक रेघा आखलेला प्रकाशघटक) आणि उघडा सोन्याचा आरसा कधीच पुसायचा नाही, फक्त हवा.

सुरक्षेबाबत कुणाचीही भीड ठेवू नका. ४०० ते १४०० नॅनोमीटरचा प्रकाश थेट दृष्टिपटलावर एकवटतो आणि त्यातला मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही. चष्मा तरंगलांबीप्रमाणे घ्यावा लागतो. १०६४ नॅनोमीटरच्या प्रकाशाची वारंवारता दुप्पट करून ५३२ नॅनोमीटरचा काढत असाल तर दोन्ही झोत टेबलावर असतात, चष्म्याने दोन्ही अडवले पाहिजेत. घड्याळ-अंगठी काढा, आरसा बदलताना शटर बंद ठेवा, खाली पडलेलं उचलायला वाकताना डोळे बीमच्या उंचीवर आणू नका.

फेम्टो_वाटसरू
अतिलघु स्पंदांकडे वळणार असाल तर डिस्पर्शनचं (काचेत वेगवेगळ्या तरंगलांबींचा वेग वेगळा असल्याने स्पंद पसरण्याचं) गणित तोंडपाठ हवं. ८०० नॅनोमीटरला फ्यूज्ड सिलिका प्रत्येक मिमीला सुमारे ३६ फेम्टोसेकंद-वर्ग डिस्पर्शन देते. त्यामुळे १० फेम्टोसेकंदांचं स्पंद फक्त १ सेंमी काचेतून गेलं की जवळपास १०० चं होतं. तीच काच १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाला अर्धा टक्काही धड लांबवत नाही. म्हणून एका प्रयोगात निमूट चाललेलं भिंग दुसऱ्यात घात करतं.

हीच पसरण्याची क्रिया हेतूने वापरून १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी स्पंद आधी ताणायचं, मग वाढवायचं, शेवटी आवळायचं ही रीत दाखवली. अॅम्प्लिफायर फुटण्याची अडचण त्याने सुटली. स्ट्रिकलंड तेव्हा पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या. २०१८ चं नोबेल याच कामाला.

जुना_रेझोनेटर
भवितव्याबद्दल माझं मत: 'लेसरवाला' एवढीच ओळख ठेवू नका, लेसरने सोडवायचा एक प्रश्न धरा. सी. के. एन. पटेल यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर उभा केला, पण तिथे थांबले नाहीत. पुढे स्पिन-फ्लिप रामन लेसर (तरंगलांबी बदलता येणारा लेसर) घेऊन स्थितांबरातला नायट्रिक ऑक्साइड मोजला. आणि त्या १०.६ मायक्रॉनच्या लेसरचं काम आजही वाढतंच आहे. अत्याधुनिक चिप छापायला लागणारा १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश कथिलाच्या थेंबांवर कार्बन डायऑक्साइड लेसर मारून काढतात, सेकंदाला सुमारे ५०,००० थेंब.

गुरुत्वीय लहरींचे शोधक, प्रकाशीय घड्याळं, लेसर संलयन (डिसेंबर २०२२ मध्ये २.०५ मेगाज्यूल टाकून ३.१५ मिळाले, अर्थात लेसर चालवायला लागलेली वीज याच्या कितीतरी पट होती), क्वांटम संगणनासाठी अडकवलेले आयन, लिडार (लेसरने अंतर मोजणं): सगळीकडे माणसं लागतात. उद्योगात पातळ थरांचं कोटिंग आणि ऑप्टिकल डिझाइन येणाऱ्यांना मागणी टिकून असते, आणि विद्यार्थी नेमकं तेच टाळतात. प्रयोग संगणकाने चालवण्यापुरतं पायथन आणि फीडबॅक लूपचं इलेक्ट्रॉनिक्स, एवढं पहिल्याच वर्षात शिकून घ्या.

शिकाऊ_किरण
सर्वांचे आभार. १० मिमीचं भिंग हाताशी नाही. १०० आणि ५० मिमीची भिंगं आहेत. ती वापरून बीम लहान केला आणि ४.५ चंच भिंग ठेवलं तर?

टेबलावरचा_माणूस
चालेल. १०० आधी, ५० नंतर, दोघांत १५० मिमी अंतर. बीम १ मिमीचा होईल, ठिपका ४.५ मायक्रॉनचा आणि मेळ ९८ टक्क्यांच्या वर. फक्त १ मिमी बीमची रॅले लांबी (बीम फारसा न पसरता जातो ते अंतर) जेमतेम १ मीटर असते. तेव्हा ही जोडी फायबरजवळ बसवा, ५० चं भिंग आणि कपलर (फायबरमध्ये प्रकाश घालणारं ४.५ चं भिंग) यांत ३० सेंमीपेक्षा जास्त जागा सोडू नका. लंबगोलामुळे तरीही ७० च्या आसपास अडकलं तर लेसरनंतर लगेच अॅनामॉर्फिक प्रिझमची (लंबगोल बीम गोल करणारी) जोडी लावून बघा.