मदत हवी आहे: लेदरच्या बॅगेसाठी आईचं उषा मशीन पुरेल, की दुसरं घ्यावं?

परळकरीण

नमस्कार मंडळी. कापडाच्या शिवणकामावर इथे भरपूर धागे आहेत, चामड्यावर फारसं सापडलं नाही म्हणून हा नवीन काढतेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर स्वतःसाठी एक बॅग शिवली. डबा, छत्री, पाकीट मावेल एवढी, खांद्यावरून आडवी घ्यायची. चामडं धारावीतून आणलं, लिंक रोडला दुकानांची रांग आहे तिथून. दुकानदाराने जाडी विचारली, मी म्हटलं "मध्यम". तो हसला आणि दीड मिलिमीटरचं मऊसूत तपकिरी काढून दिलं. घरी आईचं काळं उषा आहे. पायाचं होतं, नंतर मोटर बसवली. त्यावर तिने तीस वर्षं अख्ख्या चाळीचे ब्लाउज शिवलेत. मला हात लावू दिला तो "बिघडलं तर तुझं तू बघ" या अटीवर.

बॅग झाली, दिसायलाही बरी झाली. ऑफिसात दोघींनी "कुठून घेतलीस" विचारलं. तो आनंद अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी संध्याकाळी दादरला उतरताना मागून रेटा आला आणि पट्टा निघाला. बॅग लोकांच्या पायांत, डबा फलाटावर गडगडत गेला. एका मुलाने झाकणासकट आणून दिला, त्याचं भलं होवो.

पण दोरा तुटलेला नाही! तो जसाच्या तसा आहे. फाटलंय ते चामडं, तेही बरोबर टाक्यांच्या ओळीवर. पोस्टाचं तिकीट फाडल्यावर कड कशी दातेरी दिसते, हुबेहूब तशी कड आहे.

माहिती अशी: सुई 16 नंबर, लेदर पॉइंट. दोरा नेहमीचा पॉलिस्टर. टाका ब्लाउजला लावलेला होता तोच, बदलला नाही. पट्टी लावून मोजलं तर सेंटिमीटरला पाच भरतात. पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे चौकोन, चौकोनात फुली, आणि "आणखी मजबुती" म्हणून पट्ट्याला आडव्या तीन ओळी. फाटलंय ते या तीन ओळींतल्या मधल्या ओळीवर.

शिवाय दोन कटकटी आहेत. शिवत शेवटाला गेलं की वरचा तुकडा अर्धा सेंटिमीटर जास्त उरतो. आणि खालच्या बाजूला मशीनच्या दातांचे वळ उठतात, ते जात नाहीत.

आता प्रश्न. बजेट 20,000 पर्यंत. एका बंद होणाऱ्या गारमेंट युनिटमधली ज्युकी 8700, टेबल-मोटरसकट, 18,000 ला मिळतेय. घ्यावी का? की मोची लोकांचं ते हाताने फिरवायचं मशीन घ्यावं? घर 300 चौरस फूट, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी दोन ते चार झोपतात, हे दोन्ही हिशेबात धरून सांगा.

खटपट्या

डोळे मिटून ज्युकी घ्या. 8700 म्हणजे घोडा आहे, मरेपर्यंत चालतो. 18 हजारांत टेबलासकट सोडू नका.

सुईदोरा

खटपट्या, घोडा आहे खरा, पण शर्यतीचा. परळकरीण ताईंना बैल हवाय.

मी गारमेंट लाइनवर बारा वर्षं काढली आहेत, त्यात बहुतेक वेळ याच मशीनसमोर. 8700 ही शर्ट-सलवारसाठी बनवलेली. मिनिटाला 5,000 च्या वर टाके मारायची तिची ताकद, ती तुम्हाला चामड्यावर नकोच आहे. युनिटमधून येतेय म्हणजे बहुधा क्लच मोटर असेल. पायाला जरा धक्का लागला की वीत-दीड वीत शिलाई पुढे. कापडावर उसवता येते, चामड्यावर भोक पडलं ते पडलं. (यावर इलाज आहे, क्लच काढून सर्वो मोटर बसवायची, मग एकेक टाका घेता येतो. पण तो खर्च वेगळा.)

आणि मुख्य म्हणजे तुमची "वरचा तुकडा उरतो" ही तक्रार तिथेही तशीच राहणार. तुमच्या उषाचे आणि 8700 चे दात फक्त खालून कापड ढकलतात. वरचा दाब पाय एका जागी घट्ट बसलेला असतो आणि चामडं त्याला चिकटतं. खालचा थर पुढे जातो, वरचा मागे रेंगाळतो. यासाठी बॅगवाले जे मशीन वापरतात त्याला बाजारात वॉकिंग फूट म्हणतात. त्यात सुई, आतला पाय आणि खालचे दात तिघं मिळून माल पुढे नेतात. ज्युकीचंच 1541 बघा, टाका 9 मिलिमीटरपर्यंत जातो. पण ते तुमच्या बजेटात नवीन येणार नाही, आणि टेबलासकट पन्नास किलोच्या वर जातं. 300 फुटांत ते ठेवलं की घरातलं एक माणूस बाहेर ठेवावं लागेल.

मोचीचं हँड मशीन हे जुन्या सिंगर 29 च्या वळणाचं. त्याची खुबी म्हणजे पाय कुठल्याही दिशेला फिरतो, नळी लांब आणि बारीक, बूट आत घालून ठिगळ मारता येतं. दुरुस्तीला उत्तम. सरळ लांब शिलाईला मात्र जीव खातं, आणि स्वस्तातल्या चिनी मशीनचे भाग कानशीने घासून गुळगुळीत केल्याशिवाय दोरा तोडत राहतं. खेळण्याची हौस असेल तरच.

तोपर्यंत उषाला टेफ्लॉनचा किंवा रोलरचा पाय लावा. टाचण्या लावू नका, कागदाला लावतात त्या क्लिपा लावा. वळ येऊ नयेत म्हणून खाली बटर पेपरची पट्टी घालून शिवा, नंतर फाडून काढायची. आणि चामड्यावर असताना मोटर बंद, हाताने चाक.

ठक्करबाप्पावाला

ताई, मशीन नंतर. आधी तो पट्टा का फाटला ते बघू, कारण उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय: पोस्टाचं तिकीट.

माझे वडील ठक्करबाप्पा कॉलनीत चपला करायचे. "हॉबी" हा शब्द या कामाला लागलेला बघून जरा गंमत वाटते, आमच्याकडे हे पोट होतं. असो. तुम्ही मन लावून करताय म्हणून सविस्तर लिहितो.

कापडात सुई दोन धाग्यांच्या मधून वाट काढते, धागे बाजूला सरतात आणि परत जवळ येतात. चामड्यात तसं काही नसतं. लेदर पॉइंट सुई म्हणजे टोकाला छोटी सुरी, ती चिरा पाडते. 16 नंबरची सुई साधारण एक मिलिमीटर जाडीची. दोन मिलिमीटरच्या अंतरात एक मिलिमीटर तुम्ही कापून टाकला. म्हणजे त्या ओळीवर पट्टा निम्माच उरला. आणि अशा तीन ओळी, त्याही ओढ ज्या दिशेला आहे तिला आडव्या! दादरच्या गर्दीला फक्त "इथे फाडा" एवढं लिहून द्यायचं बाकी होतं.

तेव्हा टाका साडेतीन ते चार मिलिमीटर. उषाचा काटा शेवटपर्यंत खाली नेऊन चिंध्यांवर मोजून बघा. पट्ट्याच्या टोकाला शिलाई इंग्रजी यू सारखी फिरवा, म्हणजे बहुतेक टाके ओढीच्या दिशेने लांब पडतील, आडवी फक्त टोकाची एक छोटी ओळ. फुली नको. वरून एक रिबीट. मागे-पुढे शिवून शिलाई पक्की करायची कापडातली सवय सोडा, त्याच भोकांत सुई परत गेली नाही तर चाळण होते. दोऱ्याची टोकं लांब ठेवून मागे ओढा, गाठ मारा, लायटरने हलकं टेकवा.

दुसरं, पट्टा कातड्याच्या कुठल्या भागातून कापलात? पोटाकडचा भाग लोंबतो आणि ताणतो. पट्टा नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापायचा. तुमचं मऊसूत चामडं क्रोमचं, म्हणजे क्रोमच्या रसायनाने कमावलेलं असणार. कापलेली कड बघा, मधे निळसर-राखाडी रेघ दिसली तर नक्कीच. क्रोम बॅगेला छान, पण नुसत्या पट्ट्याला सैल पडतं. आत सुती निवारीची पट्टी घालून सोल्युशनने चिकटवा. दोन्ही बाजूंना लावायचं, बोट टेकवल्यावर चिकटेनासं झालं की मगच दाबायचं, आणि खिडकी उघडी ठेवायची. नाहीतर पट्ट्यापुरतं झाडाच्या सालीने कमावलेलं घ्या, कोल्हापुरीचं असतं तसं, बाभळीची साल आणि हिरड्यातलं. ते आरपार एका रंगाचं असतं आणि त्याची कड पाणी लावून लाकडाने घासली की चकाकते. क्रोमची कितीही घासा, कड रंगवावीच लागते.

आता माझं स्पष्ट मत: पहिल्या दहा बॅगांचे पट्टे हाताने शिवा. दोन सुया, एक दोरा, दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोर. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा झिजून तुटला की शिलाई पुढे उसवत जाते. हातच्या टाक्यात दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून जातात, एक तुटलं तर दुसरं धरून ठेवतं. दोरा शिलाईच्या चौपट लांब घ्या, मधमाशीचं मेण लावा. कुठली सुई आधी घालायची ते एकदा ठरवलं की शेवटपर्यंत बदलायचं नाही, नाहीतर टाके एकदा इकडे एकदा तिकडे कलतात.

यासाठी फार काही लागत नाही. चार मिलिमीटरचा दातेरी छिन्नीसारखा पंच, आरी (भोकं पाडायची), रापी (चामडं कापायची-तासायची सुरी), दोन बोथट सुया. फलाटावरचे कारागीर आकड्याची आरी वापरतात, खालून दोरा ओढून घेतात, ते झटपट काम. तुम्हाला बिनआकड्याची, चौकटच्या टोकाची आरी हवी. रापी विकत आणली की ती धारदार नसतेच, दुकानदार काहीही म्हणो. पट्टा दुमडता तिथली कड रापीने निम्म्यावर आणा, मग सुईलाही त्रास नाही आणि जोड जाडजूडही दिसत नाही.

सुईदोरा

ठक्करबाप्पावाल्यांना अनुमोदन. फक्त दोऱ्याबद्दल भर घालतो, दुकानात हमखास घोळ होतो. नायलॉन बाँडेड (पदर एकमेकांना चिकटवलेला दोरा) मागाल तेव्हा दुकानदार टिकट नंबर, म्हणजे जाडीचा आकडा सांगेल, आणि टिकट जितका मोठा तितका दोरा बारीक. टेक्स नंबरचं उलटं. 40 टिकट म्हणजे साधारण टेक्स 70, तो उषावर 18 नंबर सुईत चालेल. 20 टिकट म्हणजे टेक्स 135 च्या आसपास, तो हाताने शिवायला. उषात तो घालू नका, आईसाहेबांची अट लक्षात ठेवा.

परळकरीण

सगळ्यांचे खूप खूप आभार. कालचा रविवार यातच गेला.

उरलेल्या चामड्याच्या एक इंची दोन पट्ट्या घेतल्या. एकीवर माझी जुनी आडवी तीन ओळींची शिलाई, दुसरीवर चार मिलिमीटरचा टाका, यू आकारात. दोन्ही पट्ट्या खिडकीच्या ग्रिलला बांधल्या आणि आळीपाळीने पाण्याने भरलेली बादली लटकवली. नुसती लटकवून काहीच झालं नाही, दोन्ही टिकल्या. मग बादली वीतभर उचलून सोडली. आडव्या शिलाईची पट्टी दुसऱ्याच झटक्याला गेली, आणि पाणी सगळं माझ्या पायावर. दुसरी सहा झटक्यांनंतरही तशीच, फक्त भोकं किंचित लांबट झालीत. आई दारात उभी राहून बघत होती. "एवढं पाणी मशीनवर नाही उडालं ना?" एवढंच म्हणाली.

ज्युकीवाल्याला "नको" म्हणून कळवलं. 

दोन शंका उरल्या. पंच ठोकताना आवाज होणारच, त्याचं काय? आणि पावसाळ्यात उरलेलं चामडं कुठे ठेवू? मागच्या वेळचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, पांढरी बुरशी आली.

ठक्करबाप्पावाला

आवाजासाठी: घरात पाटा आहे का? वरवंटा नको, नुसता पाटा. खाली चारपदरी सतरंजी, वर पाटा, त्यावर प्लॅस्टिकचा जाड चॉपिंग बोर्ड आणि मग चामडं. लोखंडी हातोडी अजिबात नाही, लाकडाची किंवा रबराची. टेबलावर ठोकत असाल तर मधोमध न ठोकता पायाच्या बरोबर वर ठोका. किंवा पंचाने नुसत्या खुणा उमटवा आणि भोकं आरीने पाडा. वेळ लागतो, पण काकूंना पत्ता लागत नाही.

चर्चगेट_स्लो

बुरशीबद्दल मी सांगतो, अनुभवाने शहाणा झालोय. प्लॅस्टिक बंद. जुन्या सुती साडीत गुंडाळून, घडी न घालता गुंडाळी करून कपाटात वर, भिंतीला न टेकवता. आलेली बुरशी बाहेर गॅलरीत कोरड्या ब्रशने झाडा, घरात झाडलीत तर शेजारच्या तुकड्यावर बसते. हत्यारांना तेलाचा हात पुसून ठेवा, पावसाळ्यात रापी चार दिवसांत तांबडी होते.

आणि सालीचं चामडं ओलं असताना त्यावर लोखंड ठेवू नका. मी कात्री ठेवून चहाला गेलो, येऊन बघतो तर कात्रीचा काळा छाप. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करायचे, तोच प्रकार तुमच्या पट्ट्यावर होतो. निघत नाही. मी शेवटी अख्खा पट्टाच काळा केला.

परळकरीण

पाटा आहे! माळ्यावर, आजीचा. मिक्सर आल्यापासून खाली आला नव्हता, भावाला बोलावून उतरवते.

शनिवारी सकाळी धारावीला जातेय: पट्ट्यासाठी सालीचं चामडं, आरी, रापी, रिबीट, आणि 20 टिकटचा दोरा. दोऱ्याचं रीळ माझ्या एकटीला दोन वर्षं पुरेल एवढं मोठं दिसतंय. परळ-दादरकडच्या कुणाला अर्धं वाटून घ्यायचं असेल तर शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच सांगा.