मदत हवी आहे : तापीकाठी क्षेत्रभेटीसाठी जागा सुचवा

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांना नदीचं खनन (काठ-तळ झिजवणं) आणि संचयन (गाळ साचवणं) पुस्तकातल्या आकृतीत नाही, डोळ्यांनी दाखवायचंय. जळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशी जागा हवी.

चांगदेवचा तापी-पूर्णा संगम डोक्यात आहे, पण तिथे पाणी खोल. मला हवंय असं वळण, जिथे बाहेरच्या बाजूला दरड उभी कापलेली आणि आतल्या बाजूला वाळू साचलेली एकाच नजरेत दिसेल. गिरणा किंवा पांझरेवर आहे का असं कुठे? कापलेल्या दरडीत गाळाचे थर, मधे गोट्यांचा पट्टा दिसला तर फारच उत्तम. चोपडा, यावल भागातल्या घळयांत कोणी मुलं नेली आहेत का? पावसाळ्यानंतर तिथली माती ढासळते का, हे आधी कळायला हवं.

दुसरं म्हणजे, तापी एवढा गाळ वाहून नेते, तरी मुखाशी गंगेसारखा मोठा त्रिभुज प्रदेश नाही. खंभातच्या आखातातली जोरदार भरती-ओहोटी गाळ टिकू देत नाही, हे मी सांगतेच. सुरतकडे कोणाचे नातेवाईक असतील तर ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यांचे फोटो मिळतील का? मुलांनी समुद्र पाहिलेला नाही.